शिवोलीचा गायक आणि आमची मुले



तापीकाठच्या आमच्या खेड्यांत गाण्याचा नाद लागलेले एखादे मूल नाही, असे घर हल्ली विरळाच. पूर्वी हा नाद चर्चमधील गायकवृंद, शेजारच्या आळीतील भजन आणि लग्नकार्यातील ढोल-ताशे एवढ्यापुरता मर्यादित असे व वडीलधारी माणसे त्याकडे कौतुकाने पाहत. आता मुलाच्या हाती मोबाइल आलेला आहे. केळीच्या बागेला पाणी सोडून बांधावर बसल्या बसल्या तो चार ओळी जुळवतो, तेथेच त्या गाऊन यंत्रात भरतो आणि दिवे लागण्याच्या आत ते गाणे शंभर जणांच्या कानी घालून मोकळा होतो. बुऱ्हाणपुरात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा मुलगाही मागांच्या खडखडाटात मनातल्या मनात चाल घोळवीत असतो.

आईबापांस मात्र याची धास्ती वाटते, व ती अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. काही घरांत गाणे हे मुलगा वाया गेल्याचे लक्षण समजून त्यास दटावले जाते. काही घरांत याच्या अगदी उलट प्रकार दिसतो. पोरगा एकदा प्रसिद्ध झाला की घरचे दारिद्र्य फिटेल, या आशेने दागिने गहाण टाकून त्यास मुंबईस धाडण्याची तयारी चाललेली असते. ही दोन्ही टोके आम्हांस सारखीच घातक वाटतात. गाणे हा धंदा म्हणून कसा उभा राहतो, त्यासाठी काय शिकावे लागते, त्यात काय कमावता येते व काय गमवावे लागते, याची माहिती नसल्यामुळेच माणूस एका टोकास जातो. यास्तव या आठवड्यात एका यशस्वी गायकाची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गायक म्हटले की आमच्या भागात पहिले नाव निघते ते किशोर कुमार यांचे, आणि ते योग्यच आहे. ४ ऑगस्ट १९२९ रोजी खंडव्यास जन्मलेला हा आमचा शेजारी मुंबईस जाऊन सबंध देशाच्या गळ्यातील ताईत झाला. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यसंस्कारासाठी त्यांस पुन्हा खंडव्याच्याच मातीत आणण्यात आले. आगगाडीने येथून तास-दीड तासाच्या वाटेवरील गावचा मुलगा एवढा मोठा झाला, याचा अभिमान आम्हां सर्वांस आहे.

परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चित्रपटातील गाणे हे सहसा एका माणसाचे नसते. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, वाद्यांची मांडणी तिसऱ्याची आणि गळा चौथ्याचा, अशी ती वाटणी असते. किशोर कुमार यांनी स्वतःच्या काही चित्रपटांना संगीतही दिले हे खरे. तथापि त्यांची कीर्ती मुख्यत्वे गळ्याची होय. ज्यास ‘पॉप’ म्हणतात त्या गाण्याची रीत थोडी निराळी आहे. लोकप्रिय या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप. या प्रकारात पुष्कळदा गाणाराच शब्द लिहितो, तोच चाल बांधतो आणि आपल्याच नावाने ते लोकांपुढे ठेवतो. त्यास ना चित्रपटाची कथा लागते, ना नायक-नायिका. आमची मुले बांधावर बसून जे करू पाहतात ते हेच असल्याने, त्यांना दाखवावयाचा दाखलाही अशाच माणसाचा हवा. असा माणूस आम्हांस गोव्यात सापडतो. त्यांचे नाव रेमो फर्नांडिस.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी गोव्यातील गाण्याची पार्श्वभूमी थोडी सांगणे अवश्य आहे. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकापासून, तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून खेड्यापाड्यांतील मुलांस संगीत शिकविले जाई. पाच रेघांवर लिहिलेली स्वरलिपी वाचणे, समूहात गाणे, व्हायोलिन वाजविणे हे शिक्षण शेतकऱ्याच्या व नारळ काढणाऱ्याच्या मुलासही मिळू शके. मिस्सासाठी गाणारे व वाजविणारे हवेत, हा त्यामागील मूळ हेतू. परंतु एकदा हातात आलेले कसब पोटाच्या उपयोगी पडल्यावाचून राहत नाही. गोव्यात रोजगार थोडा असल्यामुळे हे वादक मुंबई, कलकत्ता अशा शहरांस गेले आणि तेथील हॉटेले, वाद्यवृंद व पुढे चित्रपटांचे संगीत यांत त्यांनी जागा मिळविली.

चित्रपटात त्यांची गरज का पडली हेही समजून घेण्यासारखे आहे. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणून दाखवी. परंतु चाळीस-पन्नास वादकांनी ती एकाच वेळी, एकाच मेळाने वाजवावयाची तर ती कागदावर उतरविणे भाग असे. कोणत्या जागी व्हायोलिने येतील, कोठे तुतारी वाजेल, कडव्यांच्या मधली जागा कशाने भरावी, हे सर्व लिहून देणाऱ्यास ‘अरेंजर’ म्हणत. हे काम वर्षानुवर्षे पुष्कळ अंशी गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी केले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची मांडणी केली. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी तर मांडणीबरोबर विद्यादानही केले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचेच व्हायोलिनचे शिष्य. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात गोन्साल्विस यांनी हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम साधणारा कार्यक्रम केला, त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांनी गायन केले होते.

असे असूनही तबकडीच्या वेष्टनावर किंवा चित्रपटाच्या फलकावर या मंडळींचे नाव क्वचितच झळके. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट आला, तेव्हा त्यातील एका गाण्यात प्यारेलाल यांच्या गुरूचे नाव गुंफले गेले. ते गाणे आबालवृद्धांच्या तोंडी झाले. परंतु अँथनी गोन्साल्विस हे एका हयात व विद्वान वादकाचे नाव आहे, हे गाणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक होते? हातांनी काम केले, काम देशभर पोचले, आणि करणारा मात्र मागे राहिला. एका सबंध पिढीची ही कहाणी होय. रेमो फर्नांडिस यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट दिसते.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजीस झाला. त्यांच्या घराण्याचे गाव बार्देस तालुक्यातील शिवोली. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगालचा अंमल होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता. पोर्तुगीज, कोंकणी व इंग्रजी अशा भाषांचा संस्कार त्याच्या कानांवर लहानपणीच झाला. जुन्या गोमंतकीय गीतांबरोबर परदेशातून येणाऱ्या तबकड्यांवरील रॉक संगीतही त्याने ऐकले व त्याचे वेड घेतले. गिटार शिकून शाळेतील मित्रांच्या जोडीने तो गाऊ-वाजवू लागला.

येथवरची गोष्ट आमच्या कोणत्याही गावातील मुलाची असू शकेल. पुढचा भाग मात्र आईबापांनी लक्ष देऊन वाचावा. गाण्याचा नाद आहे म्हणून या मुलाने शिक्षण टाकले नाही, आणि शिक्षण चालू आहे म्हणून गाणेही टाकले नाही. तो मुंबईस गेला, वास्तुशास्त्राची पदवी मिळविली, आणि त्याच काळात तेथील एका वाद्यवृंदात गात-वाजवीत राहिला. पुढे १९७७ ते १९८० या काळात त्याने युरोप व उत्तर आफ्रिकेत भ्रमंती केली. वाटेत भेटेल त्या मोटारीने पुढे जावे, गावे, वाजवावे आणि तेथील लोकांचे संगीत कानात साठवावे, असा तो प्रवास होता. तो आटोपल्यावर परदेशात किंवा मुंबईत ठाण मांडण्याऐवजी तो शिवोलीस परत आला.

त्यानंतर जे घडले ते आम्हांस या हकीकतीतील सर्वांत बोधप्रद वाटते. स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी, तीही गोव्याच्या जीवनावरची, हा माल त्या काळी बाजारात चालणारा नव्हता. बड्या कंपन्यांस चित्रपटातील गाणी हवी असत, नाहीतर परदेशी गाण्यांच्या नकला. तेव्हा रेमो यांनी शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रण करण्याचे ठरविले. त्यांच्याजवळ चार पट्ट्यांवर मुद्रण करणारे कॅसेटचे एक यंत्र होते. त्याची रीत सोपी करून सांगतो. साध्या कॅसेटच्या फितीवर दोन बाजूंच्या मिळून चार अरुंद पट्ट्या असतात. हे यंत्र त्या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरते. पहिल्या पट्टीवर ताल वाजवून ठेवावयाचा. तो ऐकत ऐकत दुसरीवर गिटार भरावयाची. मग तिसरीवर आणखी एखादे वाद्य. या तीन पट्ट्या एकत्र करून चौथीवर उतरविल्या म्हणजे पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या होतात व त्यांवर आवाज भरता येतात. प्रत्येक वेळी उतरविताना नाद किंचित मंद होतो, म्हणून कोठे थांबावे हेही कळावे लागते. एक माणूस धीर धरील तर अशा रीतीने एकटाच सबंध वाद्यवृंद उभा करू शकतो.

रेमो यांनी तो धीर धरला. शब्द त्यांचे, चाल त्यांची, सर्व वाद्ये त्यांनी वाजविलेली, सर्व आवाज त्यांचेच. १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ या नावाने ही कॅसेट तयार झाली. ती विकावयाची कशी हा पुढचा प्रश्न होता. त्यांनी आपली पिवळी स्कूटर काढली, कॅसेटी पिशवीत भरल्या आणि गोव्यातील एकेका दुकानात जाऊन त्या ठेवल्या. काही दिवसांनी पुन्हा फेरी मारून किती विकल्या गेल्या याचा हिशोब घेतला. पदवीधर वास्तुशास्त्रज्ञास फेरीवाल्याप्रमाणे दुकाने हिंडताना लाज वाटली नाही. ज्यास स्वतःच्या मालाची लाज वाटत नाही तो माल घेऊन कोणाच्याही दारी ताठ उभा राहतो, हे आमच्या केळी व कापूस पिकविणाऱ्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

कॅसेट गोव्यात चालली, याचे कारण लोकांस तीत आपले स्वतःचे जीवन भेटले. लगोलग १९८५ साली ‘ओल्ड गोवन गोल्ड’ ही दुसरी कॅसेट निघाली. तीत जुनी गोमंतकीय गीते नव्या साजात होती. नवीन पिढीचा रॉक गायक आजी-आजोबांची गाणी गातो याचे अनेकांस नवल वाटले. परंतु ज्यास नवे करावयाचे असते त्यास जुने ठाऊक असावेच लागते. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ हा चित्रपट आला. १९६१ च्या सुमाराच्या गोव्यातील एका ख्रिस्ती कुटुंबाची ती कथा. तीत गाणारा गोमंतकीय तरुण हवा म्हणून रेमो यांस पाचारण झाले. १९८६ साली त्या वेळच्या पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथे आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सव झाला, त्यातही त्यांनी पारितोषिके मिळविली. चार भिंतींच्या आत एका यंत्रावर सुरू झालेले काम दोन वर्षांत सातासमुद्रापार जाऊन आले.

याच १९८६ सालची ‘पॅक दॅट स्मॅक’ ही त्यांची कॅसेट आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते. ‘स्मॅक’ म्हणजे ज्यास आपल्याकडे ‘गर्द’ म्हणत, ते हेरॉइनचे विष. त्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यांवर आणि मुंबईच्या गल्ल्यांतून या विषाने किती तरुणांचा बळी घेतला, हे त्या काळातील आईबापांस विचारावे. पाश्चात्य संगीताच्या जगातील कित्येक नामांकित गायक स्वतःच या व्यसनात बुडालेले असता, त्याच धर्तीचे गाणे गाणाऱ्या एका तरुण गायकाने ‘हे टाकून द्या’ असे खडसावून सांगावे, याचे मोल मोठे आहे. आम्ही पाद्री मंडळी प्रवचनातून हेच सांगतो तेव्हा तरुण अर्ध्या कानाने ऐकतात व पुढे मिस्सा केव्हा संपेल याची वाट पाहतात. परंतु ज्याच्या गाण्यावर ते नाचतात त्यानेच सांगितले म्हणजे ते कान देतात. लोकप्रियता ही एक सत्ता आहे. ती कोणत्या कामी लावावी, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य गाणाऱ्याच्या हाती असते, विशेषतः शब्द त्याचे स्वतःचे असतील तर.

याच गोष्टीची दुसरी साक्ष म्हणजे ‘हॅलो राजीव गांधी’ या गाण्याचा प्रसंग. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात त्यांच्यासमोर रेमो यांचा कार्यक्रम झाला. अशा वेळी पाहुण्यांची स्तुती गावी असा रिवाज. रेमो यांनी मात्र गोव्याची गाऱ्हाणी गाण्यातूनच पंतप्रधानांच्या तोंडावर मांडली. काही प्रतिष्ठितांस तो पाहुण्याचा अवमान वाटला व ओरड झाली. तेव्हा रेमो यांनी गाण्याचे शब्द सरळ पंतप्रधानांकडेच धाडून दिले. उलट टपाली उत्तर आले, की गाणे आम्हांस आवडले. सत्य विनयाने व हसतमुखाने सांगितले तर मोठी माणसेही ते ऐकून घेतात. आणि सांगणाऱ्यास कोणाच्या मेहेरबानीवर जगावयाचे नसेल तर त्यास भीतीही थोडी असते.

यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९८७ साली ‘बॉम्बे सिटी’ ही कॅसेट आली, आणि त्याच वर्षी अमली पदार्थांच्या व्यापाराभोवती रचलेल्या ‘जलवा’ या हिंदी चित्रपटातील शीर्षकगीत गाऊन त्यांचा आवाज गोव्याबाहेर घरोघर पोचला. १९९५ सालच्या ‘बॉम्बे’ चित्रपटात ए. आर. रहमान यांचे ‘हम्मा हम्मा’ हे गाणे हिंदीत त्यांनी गायिले. १९९८ साली ‘प्यार तो होना ही था’ या चित्रपटाचे शीर्षकगीत जसपिंदर नरुला यांच्यासमवेत गायिले, आणि त्याच साली ‘ओ मेरी मुन्नी’ हा स्वतःचा हिंदी गीतसंग्रहही काढला. २००७ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. २०२१ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. चित्रपटवाल्यांनी त्यांस बोलाविले खरे. पण ते बोलावणे आले तेव्हा स्वतःचे नाव, स्वतःची ढब आणि स्वतःची गाणी त्यांच्यापाशी आधीच होती, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

येथे कोणी शंका घेईल, की फादर आता रॉक संगीताची शिफारस करू लागले की काय! तसे नाही. रेमो यांचे प्रत्येक गाणे आम्हांस रुचते असे नाही, व त्यातील गलबला आमच्या कानांस कधीकधी सोसवतही नाही. त्यांचे यश सर्वांस साध्य आहे असेही आम्ही म्हणत नाही. सुशिक्षित घर, मुंबईतील शिक्षण, इंग्रजीवर प्रभुत्व, आणि पोटास कमी पडले तर हाती असलेली पदवी, इतके पाठबळ आमच्या किती मुलांस असते? गाणारे हजार निघतात, त्यांतील एखाद्याचेच घर गाण्यावर चालते. हे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परंतु यश सर्वांस मिळत नसले तरी ज्या वाटेने ते मिळाले ती वाट सर्वांनी पाहावी, कारण त्या वाटेवर केलेले श्रम वाया जात नाहीत.

तीत पहिली गोष्ट कसब. केवळ गोड गळा म्हणजे कसब नव्हे. वाद्य वाजविता येणे, स्वर व ताल ओळखता येणे, शब्द शुद्ध लिहिता येणे आणि यंत्र हाताळता येणे, या चार गोष्टी ज्याने शिकून घेतल्या त्याचे चित्रपटावाचूनही अडत नाही. तो शाळेत संगीत शिकवील, लग्नकार्यात वाजवील, चर्चचा गायकवृंद तयार करील. रेमो यांनी जे काम चार पट्ट्यांच्या यंत्रावर महिनोन्‌महिने खपून केले, त्याहून अधिक सोयी आज आमच्या मुलाच्या साध्या मोबाइलमध्ये आहेत. उणीव आहे ती यंत्राची नव्हे, खपण्याची.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची ओळख. आमच्या बुऱ्हाणपुरात एके काळी अब्दुर्रहीम खानखाना हा मोगलांचा सुभेदार राहत असे. तुर्की, फारसी जाणणारा हा सेनापती. पण त्याचे नाव आज लोकांच्या ओठी आहे ते सामान्य जनांच्या बोलीत रचलेल्या दोह्यांमुळे. त्याच्याच काळात, १६१५ च्या सुमारास, येथील कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यात मुरलेले पाणी भुयारी वाटेने, एका कुंडीतून दुसरीत, आपोआप उताराने शहरात येई. बाहेरून पाणी आणण्याची गरज पडली नाही. गाण्याचेही असेच आहे. शिवोली गावात सांजावच्या सणास होड्या सजवून नदीत सोडतात, जागराच्या रात्री हिंदू व ख्रिस्ती एकत्र जमतात. अशा गावच्या मातीतून रेमो यांचे गाणे वर आले. आमच्याही भागात कोरकूंची नृत्यगीते आहेत, निमाडी लोकगीते आहेत, खानदेशी ओव्या आहेत, आजीच्या तोंडचे पाळणे आहेत. मुलाने मुंबईच्या किंवा पंजाबच्या गाण्याची नक्कल केली तर तशा नकला करणारे लाखो आहेत. आपल्या नेपानगर-खकनार भागातील बोलीत, आपल्या शेतातील व मागावरील जीवनाचे गाणे त्याने रचले तर ते दुसऱ्या कोणास रचता येणार नाही.

तिसरी गोष्ट हिशोब आणि हक्क. याविषयी आमच्या घरांतून फारच अज्ञान आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा आहे. त्यानुसार गाणे लिहिणारास व चाल बांधणारास त्या रचनेवर आपोआप हक्क मिळतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे तो शेतजमिनीसारखा मुलाबाळांस लाभणारा आहे. तो दुसऱ्यास देणे झाल्यास लेखी करार व सही लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. पूर्वी गीतकार व संगीतकार एकदाच रक्कम घेऊन सर्व हक्क लिहून देत व पुढे गाणे कितीही गाजले तरी त्यांस दमडी मिळत नसे. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी लिहिलेले गाणे चित्रपटगृहाबाहेर अन्यत्र वाजले, तर त्याच्या मानधनातील गीतकार व संगीतकाराचा वाटा आता कोणासही त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. सेबॅस्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस यांच्या पिढीने जे सोसले, ते ध्यानात घेतले म्हणजे अशा कलमांचे महत्त्व कळते.

यातून घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी अगदी साध्या आहेत. मुलाने प्रत्येक गाणे वहीत लिहून खाली तारीख घालावी व पहिले मुद्रण जपून ठेवावे. न वाचलेल्या कागदावर सही करू नये. इंग्रजी समजत नसेल तर गावातील शिक्षकांस किंवा वकिलास दाखवावे. आणि ‘इतके पैसे भरा, तुमच्या मुलास प्रसिद्ध करून देतो’ असे कोणी म्हणू लागला, तर त्यास चहा पाजून वाटेस लावावे. ज्यास मुलाच्या गाण्यात खरोखर कमाई दिसते तो पैसे देऊ करील, मागणार नाही.

आता आईबापांस दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी गाते म्हणून शरमू नका, आणि कर्जही काढू नका. त्यास विचारा, बाळ, तुला कोणते वाद्य येते? तू रचलेले पाच तरी गाणी वहीत आहेत काय? आपल्या आजीकडून तू किती गाणी शिकलास? याची उत्तरे ‘होय’ अशी येऊ लागली तर त्यास एखादी हार्मोनियम किंवा गिटार घेऊन द्या. तो खर्च वाया जावयाचा नाही. उत्तरे ‘नाही’ असतील तर त्यास रागे न भरता म्हणा, आधी एवढे कर, मग मुंबईचे पाहू. शाळा-महाविद्यालय मात्र सोडू देऊ नका. रेमो यांची पदवी त्यांच्या गाण्याच्या आड आली नाही, तर तुमच्या मुलाची बारावी तरी का यावी? आणि मुलीस गळा असेल तर ‘लोक काय म्हणतील’ एवढ्यासाठी तिचे तोंड बंद करू नका. चर्चच्या गायकवृंदात ती गाते तेव्हा आपण सर्व माना डोलावतो; मग तिने लिहिलेले गाणे तिने गायिले तर त्यात वावगे ते काय?

गाणाऱ्या मुलांसही एक सांगणे आहे. शंभर जणांनी ऐकले, हजार जणांनी ऐकले, या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. आकडा आज चढतो, उद्या उतरतो. आपल्या गाण्यात आपल्या गावचे खरे किती आहे, ते गाणे आईसमोर म्हणता येईल काय, आणि त्यात कोणाचा अपमान किंवा व्यसनाची भलावण तर नाही ना, हे स्वतःस विचारा. तेवढे जपलेत तर तुमचे गाणे कमी लोकांनी ऐकले तरी ज्यांनी ऐकले ते विसरणार नाहीत.

असो. पावसाळा तोंडावर आहे, शेताची कामे रेटावयाची आहेत. त्या कामांतही ओठांवर गाणे असू द्या. केवळ ते कोणाचे उसने न घेता, जमेल तेव्हा आपले स्वतःचे असू द्या. पुढील आठवड्यापर्यंत सर्व वाचकांस आमचे आशीर्वाद.